ट्रेकसाठी कॅमेऱ्याची सॅक घेताय? आधी पाठ मोजा, मग लेन्स : या चुका टाळा

राजगडाच्या चोरदरवाज्याच्या थोडं खाली, रेलिंगला धरून उभा असताना मला माझ्या कॅमेरा बॅगेचा पहिल्यांदा खराखुरा राग आला. गुंजवण्यातून पहाटे निघालो होतो. कोवळ्या उन्हात पद्मावती माची आणि सुवेळा माची टिपायची, एवढाच बेत. बॅगेच्या डाव्या कडेला ट्रायपॉड बांधलेला. कातळात पाय ठेवायला वळलो की तो खडकावर आपटायचा आणि मला दरीच्या बाजूला ढकलायचा. वर दरवाज्यातून वाकून आत शिरताना तर बॅग चक्क अडकली. मागे रविवारची रांग. "काका, बॅग आधी आत द्या, मग तुम्ही या," खालून एका पोराने सुचवलं. (तोपर्यंत मी स्वतःला दादा समजत होतो.) माचीवर पोचलो तेव्हा खांदे इतके भरून आले होते की कॅमेरा बाहेर काढायची इच्छाच राहिली नव्हती. भाकरी-पिठलं खाल्लं, आडवा झालो, ऊन डोक्यावर आलं. त्या दिवशीचे फोटो : शून्य.

बॅग तशी वाईट नव्हती, महागच होती. चूक माझी. दुकानात मी एकच गोष्ट तपासली, ती म्हणजे सगळ्या लेन्स मावतात का. पाठीवर घातली ती रिकामी, आरशासमोर, अर्धा मिनिट. कॅमेऱ्याला गादी मिळाली की नाही हे पाहिलं, माझ्या पाठीला काय मिळालं हे पाहिलंच नाही. पुढे दोन बॅगा बदलल्या, तेव्हा कुठे थोडी अक्कल आली.

वजन न करताच बॅग घेणं

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. "फार काही नसतं हो माझ्याकडे" असं म्हणणाऱ्याने एकदा सगळं सामान काट्यावर ठेवावं. फुल-फ्रेम मिररलेस बॉडी, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, आतला आरसा नसलेला, लेन्सशिवायचा कॅमेरा, साधारण ६५० ते ७०० ग्रॅम. २४-१०५ सारखी लेन्स तेवढीच (हे आकडे मिलिमीटरचे, मोठा आकडा म्हणजे लांबचं जवळ). ७०-२०० एफ २.८ घेतली तर मॉडेलप्रमाणे एक ते दीड किलो. ट्रायपॉड दीड किलो. पाणी दोन लिटर म्हणजे दोन किलो, त्यात घासाघीस नाही. डबा, जर्किन, टॉर्च, औषधं मिळून एक किलो. जाड फोमची कॅमेरा बॅग रिकामीच दोन किलोच्या आसपास भरते. बेरीज नऊ किलोच्या आसपास जाते. दिवसभराच्या ट्रेकला पाठीवर आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ओझं असावं, असा एक ठोकताळा आहे. म्हणजे ६५ किलोच्या माणसाने साडेसहा किलोवर थांबावं. आपण एक अख्खी ७०-२०० आणि वर ट्रायपॉड जास्तीचा वाहतोय.

घरी मोजायची सोपी युक्ती : आधी बॅग घालून वजनकाट्यावर उभं राहा, मग बॅग काढून. वजाबाकी आली की डोळे उघडतात.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांचं गणित वेगळं. २००-५०० किंवा १५०-६०० जातीच्या लेन्सच दोन किलोच्या घरात. भिगवणला होडीत बसून रोहित (फ्लेमिंगो) टिपायचे असतील तर कितीही न्या, वजन होडी वाहते. तीच बॅग तोरण्याला वेल्ह्यातून वर चढवायची झाली तर ती तुम्ही वाहता.

पाठीचं माप न घेणं

बूट घेताना आपण नंबर विचारतो, सॅक घेताना मात्र फक्त लिटर. उंची आणि पाठीची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते, उंची सगळी पायात गेलेली. माप असं घ्या : मान पुढे झुकवा, मानेच्या बुडाशी जे हाड ठळक लागतं तिथे शिंप्याची टेप धरा. दोन्ही हात कमरेवर ठेवून कंबरेची हाडं शोधा, अंगठे मागच्या बाजूला. दोन अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप सोडा. बहुतेक मोठ्या माणसांचं हे माप साधारण ४० ते ५३ सेंटीमीटरच्या दरम्यान येतं. स्वतःचं स्वतः घेता येत नाही, घरातल्या कुणाला तरी उभं करा.

गोची अशी की कॅमेऱ्याच्या बहुतेक बॅगा एकाच मापाच्या येतात. पाठ लांब असेल तर त्यांचा कंबरपट्टा पोटावर येतो आणि निव्वळ शोभेचा होऊन बसतो. पाठ आखूड असेल तर पट्टा हाडाच्या खाली घसरतो आणि बॅग ढुंगणावर आपटत राहते. माझी एक बॅग मी मोठ्या उदार मनाने धाकट्या बहिणीला दिली. सिंहगडाची निम्मी वाट चढून तिने ती परत माझ्या हातात दिली. पट्टे तिच्या खांद्यांवरून बाहेर सरकत होते, छातीचा पट्टा गळ्याशी येत होता. बायकांसाठी बेतलेल्या सॅकचे पट्टे जास्त वळणदार आणि एकमेकांच्या जवळ असतात. तो प्रकार नुसता रंग बदलून केलेला धंदा नव्हे.

कॅमेरा बॅगच हवी हा हट्ट

दिवसाच्या ट्रेकला २० ते ३० लिटरची साधी, चांगल्या कंबरपट्ट्याची ट्रेकिंग सॅक घ्यावी आणि आत कॅमेऱ्याचा पॅड लावलेला डबा, म्हणजे इन्सर्ट, टाकावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. इन्सर्ट हजार-दीड हजारांपासून मिळतो. बऱ्याचशा कॅमेरा बॅगा विमानतळ आणि हॉटेल डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. लॅपटॉपचा कप्पा हा त्याचा पुरावा. लोहगडावर लॅपटॉप उघडून बसलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

दुसरा फायदा वजनाच्या जागेचा. कॅमेरा बॅगेत बहुधा कॅमेरा तळाला आणि वरच्या कप्प्यात डबा-जर्किन. चढताना हे उलटं हवं. जड वस्तू पाठीच्या मध्यावर, मणक्याला जितकी चिकटून तितकी बरी. साध्या सॅकमध्ये तळाला जर्किन कोंबून त्यावर इन्सर्ट ठेवता येतो.

एक सावधगिरी घ्या. पाठ घामाने भिजू नये म्हणून ताणलेली जाळी असलेल्या सॅक मिळतात. मे महिन्यात त्या सुखाच्या वाटतात. पण जाळीमुळे सॅकची आतली बाजू कमानीसारखी वाकलेली असते. चौकोनी इन्सर्ट तिथे नीट बसत नाही, आणि वजन पाठीपासून लांब जातं ते वेगळंच. दुकानात जाताना इन्सर्ट बरोबर न्या.

दुखतं कुठे, त्यावरून चूक ओळखा

बॅग आधीच घेऊन झाली असेल तर लगेच विकायला काढू नका. निम्म्या तक्रारी पट्टे चुकीच्या क्रमाने आवळल्याने होतात. क्रम असा : सगळे पट्टे सैल करा. बॅग घाला. आधी कंबरपट्टा, कंबरेच्या हाडांवर बरोबर मध्ये बसवून आवळा. मग खांद्याचे पट्टे ओढा, पण इतकेच की ते खांद्याला टेकतील. मग खांद्याच्या वरून बॅगेकडे जाणारे छोटे पट्टे किंचित ताणा. छातीचा सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो, खांदे करकचून आवळतो आणि कंबरपट्टा आत दुमडून ठेवतो.

खांद्यांचा वरचा भाग आणि मान दुखत असेल तर वजन कंबरेवर उतरलेलंच नाही. पट्टा वर सरकलाय का बघा, मग वरचा क्रम पुन्हा करा.

काखेपुढे काचत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर खांद्याचे पट्टे फार घट्ट आहेत किंवा फार अरुंद. मुंग्या येत असताना चालत राहू नका, बॅग उतरवा. सैल करूनही मुंग्या येतच असतील तर ती बॅग तुमची नाही.

कमरेच्या वर, पाठीच्या खालच्या भागात कळ येत असेल तर बाहेरच्या खिशात काय ठेवलंय ते आठवा. पॉवर बँक, मोठी लेन्स, पाण्याची दुसरी बाटली? बाहेरच्या खिशात हलक्याच वस्तू ठेवाव्यात.

चढावर वर बघताना डोकं मागे आपटतं? वरचा कप्पा ठासून भरलाय.

आणि बॅग डुलत असेल तर कडेचे आवळायचे पट्टे वापरा. ते ट्रायपॉड लटकवण्यासाठीच असतात असा माझाही समज होता. ट्रायपॉड न्यायचाच असेल तर मागच्या बाजूला मधोमध उभा बांधा, पाय खाली, डोकं बॅगेच्या उंचीच्या वर जाऊ न देता. पण आधी स्वतःला विचारा, पहाटे किंवा धबधब्यावर न थांबता नुसतं फिरायचं असेल तर तो लागतोय कशाला?

चेन कुठे आहे, हे न बघणं

पुढून उघडणारी बॅग जमिनीवर पाठीकडून आडवी ठेवावी लागते. पावसाळ्यात याचा अर्थ असा की चिखल पट्ट्यांना लागतो आणि तो चिखल आपण पुन्हा अंगावर घालतो. पाठीच्या बाजूने उघडणारी बॅग यासाठी बरी. मळवलीला जायच्या लोकलमध्ये मागून कुणी हात घालायची भीतीही कमी, कारण चेन पाठीला टेकलेली असते.

कडेने उघडणारी बॅग सगळ्यात चपळ, एक खांदा सोडला की कॅमेरा हातात. पण ती बंद करायचं भान हवं. तिकोन्याच्या उंच पायऱ्यांवर माझी चेन अर्धी उघडी राहिली होती. लेन्स कॅप टणटण करत खाली गेली. लेन्स गेली नाही, हे नशीब. तेव्हापासून चेन बंद केली की बॅगेवर एक थाप मारायची, अशी सवय लावून घेतली आहे. बरोबरचे हसतात, हसू देत.

खांद्याच्या पट्ट्यावर कॅमेरा अडकवायची क्लिप मिळते. हलकी बॉडी आणि छोटी लेन्स असेल तर पठारावर ती उत्तम. कातळटप्पा आला की कॅमेरा आत. कातळाला छाती टेकवायची वेळ आली तर आधी आपटणार तो कॅमेराच.

रेनकव्हरवर भिस्त

पुण्याच्या माणसाने बॅग निवडताना सगळ्यात जास्त विचार जुलैचा करावा. सह्याद्रीतला पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो, कधी दरीतून वर येतो. रेनकव्हर बॅगेची पुढची बाजू झाकतं, पाठीची बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळणारं पाणी पाठीवरून बॅगेत झिरपतं, आणि कव्हरच्या तळाशी तळं साचतं. तळाला निचऱ्याचं भोक नसेल तर कॅमेरा बरोबर त्या तळ्यात बसलेला असतो. लोहगडाच्या विंचूकाट्यावरच्या वाऱ्याने माझं एक कव्हर उडवून दरीत नेलं. आता मी कव्हर लावतोच, पण इन्सर्ट आत गुंडाळी करून बंद होणाऱ्या ड्राय बॅगमध्ये घालतो. ती नसेल तर जाड प्लास्टिकची मोठी पिशवीही चालते, दिसायला कशीही असो.

पाण्याची बाटली कॅमेऱ्याच्या कप्प्यात ठेवू नका, झाकण कितीही घट्ट असलं तरी. नळीची पाण्याची पिशवी वापरत असाल तर तिचा कप्पा वेगळा आहे ना, ते खरेदीतच बघा. डब्याचंही तेच. ठेच्याचं तेल फोमातून निघत नाही, हे अनुभवाचे बोल. शिवाय गडावरच्या माकडांना खाण्याचा खिसा बरोबर कळतो. त्यांनी चेन ओढलीच तर तिथे लेन्स नसावी.

घरी आल्यावर होणारी चूक याहून महाग पडते. दमलेलो असतो, बॅग कोपऱ्यात टाकतो, कॅमेरा तसाच आत. ओला फोम दिवसेंदिवस ओल धरून ठेवतो, आणि लेन्सवर बुरशी यायला अंधार, ओल आणि कोंदट हवा पुरेशी असते. त्याच रात्री सगळं बाहेर काढा, इन्सर्ट उघडून पंख्याखाली ठेवा. कॅमेरा-लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत किंवा ड्राय कॅबिनेटमध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं. पावसाळाभर बॅग म्हणजे फक्त वाहन, कॅमेऱ्याचं घर नव्हे.

दुकानात लाजणं

आपलं सामान घेऊन दुकानात जा. सगळं. भरलेली बॅग घालून किमान पंधरा-वीस मिनिटं फिरा, जिना असेल तर चढा-उतरा, वाका, उकिडवे बसा. दुकानदार बघत असतो, बघू दे. ऑनलाइन मागवली असेल तर लेबल न काढता घरातच हा प्रयोग करा, परत करायची मुदत संपायच्या आत. बॅग ठेवायची ठरली की पहिली फेरी थेट राजगडाची नको. पर्वतीच्या पायऱ्या किंवा वेताळ टेकडी, पूर्ण वजनानिशी, पहाटे. काचणारी जागा टेकडीवर अर्ध्या तासात कळते. गडावर ती तिसऱ्या तासाला कळते, आणि तिथून परत यायलाही तीन तास लागतात.

माझी ती पहिली महागडी बॅग अजून आहे. माळ्यावर असते, गणपतीच्या लायटिंगच्या माळा तिच्यात ठेवतो. कप्पे छान आहेत, माळांचा गुंता होत नाही.

आणि सध्याच्या सॅकची चेन घसरायला लागली आहे. दात शाबूत असूनही चेन मागून उघडते, तेव्हा बहुतेक वेळा रनर, म्हणजे चेनवर सरकणारा तुकडा, सैल झालेला असतो. बॅगा दुरुस्त करणारे तो थोड्या पैशांत बदलून देतात, नवी सॅक घ्यायची गरज नसते. चेन नुसतीच जड चालत असेल तर आधी जुन्या टूथब्रशने दातांतली माती झाडायची, मग मेणबत्ती घासायची. तेल नको, त्याला धूळ चिकटते.