गाव झोपलं की: व्हिडिओ कॉलवर माफिया कसा खेळायचा

रामबागेतल्या आमच्या वाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी चिठ्ठ्या पडायच्या. वहीच्या पानाचे चार तुकडे, त्यांवर राजा, मंत्री, चोर, सिपाही. चिठ्ठी वाचून परत घडी घालायची आणि चेहरा सरळ ठेवायचा. राजा आणि मंत्री उघड व्हायचे, मग उरलेल्या दोघांतला चोर मंत्र्याने ओळखायचा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये भाचीने ‘माफिया’ शिकवला तेव्हा मला वाटलं, अरे, हा तर आपलाच चिठ्ठ्यांचा खेळ, फक्त चोर जास्त आणि ते एकमेकांना ओळखतात. तेव्हापासून शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही बसतो. मी आणि मुलगा इंदूरहून, भाऊ-वहिनी ग्वाल्हेरहून, मावशीकडचे बडोद्याहून, भाच्या पुण्याहून. नवीन घरं विचारतात म्हणून आमची पद्धत लिहून ठेवते.

हा खेळ 1986 मध्ये मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफने रचला. थोड्यांना सगळं ठाऊक, पुष्कळांना काहीच नाही, या दोन बाजूंचा सामना, हे त्याचं मूळ. 1997 मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने माफियाच्या जागी रात्री लांडगा होणारा माणूस आणला, म्हणून काही ॲपांवर हाच खेळ ‘वेअरवुल्फ’ नावाने सापडतो. मोबाइलवरचा ‘अमंग अस’ही याच घराण्यातला.

एक जण सूत्रधार, तो खेळत नाही. नऊ खेळाडू असतील तर दोन माफिया, एक डॉक्टर, एक पोलीस, पाच साधे गावकरी. भूमिका व्हॉट्सॲपवर एकेकाला खासगीत कळवायच्या, दोघा माफियांचा वेगळा ग्रुप करून द्यायचा. रात्री सगळ्यांचे कॅमेरे बंद, माइक म्यूट. माफिया कोणाला मारायचं ते एक नाव ठरवतात, डॉक्टर एकाला वाचवतो, पोलीस एकाबद्दल ‘हा माफिया आहे का?’ असं विचारतो आणि सूत्रधार हो किंवा नाही एवढंच सांगतो. सकाळी कोण गेलं ते जाहीर होतं, मग चर्चा, मग मतदान. ज्याला जास्त मतं तो गावाबाहेर. माफिया संपले की गाव जिंकलं. माफिया आणि बाकीचे सारखे उरले की माफिया जिंकले.

आता सूत्रधाराने नीट पाहायची गोष्ट. व्हॉट्सॲपवर कोण ‘ऑनलाइन’ आहे ते दिसतं. रात्रीच्या अर्ध्या मिनिटात फक्त चौघेच ऑनलाइन दिसले तर चलाख पोरं तेवढ्यावरून माफिया शोधतात, मग बोलणं कशाला हवं? म्हणून आमच्याकडे रात्री प्रत्येकाने सूत्रधाराला काहीतरी लिहायचंच. ज्याला काम नाही त्याने सकाळच्या नाश्त्याला काय हवं ते लिहायचं. इंदूरकडून ‘पोहे, जिरावण जास्त’ (जिरावण म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) असे किती निरोप आले असतील! पण त्यामुळे नऊच्या नऊ फोन सारखेच उजळतात. एका घरातल्या दोघांनी एका खोलीत बसू नये, हेही पहिल्यापासून ठरवा.

पहिल्या रात्री कोणालाही मारू नका, हा माझा दुसरा आग्रह. हिशेब करून पाहा. नऊ जणांत दोन माफिया आहेत आणि पहिल्याच रात्री एक गेला, तर गावाला एकच चूक परवडते. दुसऱ्यांदा चुकीचा माणूस काढला की त्या रात्रीनंतर दोन माफिया आणि दोन गावकरी उरतात, खेळ संपला. पहिली रात्र कोरी ठेवली तर दोन चुका परवडतात. (डॉक्टरने कोणाला वाचवलं तर वेगळं.) शिवाय वाट पाहून बसलेल्या आजीला तोंड उघडण्याआधीच बाहेर बसवणं मला पटत नाही. त्या रात्री माफियांनी फक्त ओळख करून घ्यावी, पोलिसाने एक नाव विचारावं.

गावकऱ्याने कसं खेळायचं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक वेळा चिठ्ठी तीच येते आणि लोकांना वाटतं आपल्याला कामच नाही. गाव हरतं ते बहुतेक वेळा गावकरी गप्प बसतात म्हणून. मनात शंका आली की कारणासकट लगेच बोला. शंका चुकीची निघाली तरी तुम्ही कसा विचार करता ते लोकांना कळतं, पुढे तुमच्यावर विश्वास बसतो. आणि शेजारी वही ठेवा. कोणी कोणाला मत दिलं, शेवटच्या क्षणी कोणी बदललं, एवढं लिहा. तीन दिवसांची मतं एकाखाली एक वाचली की जे दोघे एकमेकांवर कधीच मत टाकत नाहीत ते आपोआप दिसतात.

चेहरे वाचायच्या नादी लागू नका. माझी वहिनी खरं बोलतानाही लाल होते, तिला बिचारीला निष्कारण तीनदा गावाबाहेर काढलं आम्ही. चेहऱ्यापेक्षा हे पाहा, की या माणसाला ही गोष्ट ठाऊक असायचं कारण काय?

एक डाव सांगते. भाऊ सूत्रधार होता, मी डॉक्टर. दुसऱ्या रात्री मी बडोद्याच्या मावशीला वाचवलं आणि नेमकं माफियांनीही तिलाच निवडलं होतं. सकाळी भाऊ एवढंच म्हणाला, “आज कोणीही गेलं नाही.” सगळे खूश. त्या गलबल्यात धाकटी भाची म्हणाली, “बरं झालं बाई, मावशीआजी वाचली.” मी कानात इयरफोन दाबून बसले होते, वाक्य स्पष्ट ऐकलं. कोणावर हल्ला झाला हे भावाने सांगितलंच नव्हतं. ते मला माहीत होतं आणि माफियांना. मी विचारलं, “मावशीच कशावरून गं?” ती थांबली. माइक चालू होता, मागे पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, “म्हणजे, सगळेच वाचलो ना.”

बोलावं तर मी डॉक्टर आहे हे उघड होणार आणि रात्री मी जाणार. तरी मी बोलले. दोनांतला एक माफिया मिळत असेल तर डॉक्टर गमावणं गावाला स्वस्त पडतं. भाची बाहेर गेली, रात्री मी गेले. दुसऱ्या दिवशी मतांची वही काढून बाकीच्यांनी दुसरा माफिया पकडला, तो माझाच मुलगा निघाला.

पोलिसाने हाच हिशेब ठेवावा. माफिया सापडला की त्याच सकाळी सांगायचं, कोणत्या रात्री कोणाला विचारलं ते ओळीने सांगायचं. नुसते निर्दोष सापडले असतील तर गप्प राहावं. आणि दोघे जण “मीच पोलीस” म्हणाले तर घाबरू नका, ही गावाला मिळालेली मोठी मदत आहे. एक नक्की खोटा. एकाला काढा. तो खरा निघाला तर दुसऱ्या दिवशी कोणाला काढायचं हे बोलायचीही गरज नाही. फक्त तेवढी चूक परवडते का, ते आधी मोजा.

माफिया आलात तर खोटं शक्य तितकं कमी बोला. गावकरी असतो तर काय केलं असतं, तेच करा. स्वतःच्या जोडीदारावर अधूनमधून मत टाकायलाही कचरू नका.

मुलांना ‘अमंग अस’ आवडतो, चार ते पंधरा जण खेळतात. तिथे एकच युक्ती सांगते. कार्ड स्वाइप करण्यासारखी ‘कॉमन’ कामं एक तर सगळ्या साध्या खेळाडूंना असतात, नाही तर कोणालाच नसतात. तुम्ही खरे खेळाडू आहात, तुमच्या कामांच्या यादीत कार्ड नाही आणि कोणी म्हणालं “मी कार्ड स्वाइप करत होतो”, तर तो इम्पोस्टर, म्हणजे तिथला माफिया.

शेवटचा नियम आम्ही रडारडीनंतर केला. एका डावात एकाने वाचण्यासाठी आईची शपथ घेतली आणि ती खोटी होती. आई त्याच कॉलवर बसलेली. खेळ तिथेच थांबला, पुढचे दोन शनिवार कोणी बसलं नाही. मला ते फार लागलं होतं. तेव्हापासून शपथ नाही, देवाचं नाव नाही, “माझ्यावर विश्वास नाही का?” नाही. खेळातलं खोटं खेळातल्या गोष्टींबद्दलच. सूत्रधार हे प्रत्येक शनिवारी पहिल्या रात्रीआधी मोठ्याने म्हणतो, नवीन कोणी नसलं तरी.

डाव संपला की लगेच कॉल कापू नका. सूत्रधाराने आपली रात्रीची टिपणं वाचून दाखवावीत, कोणी कोणाला मारलं, कोणी वाचवलं, पोलिसाने कोणाला विचारलं. आमच्याकडे याला खेळाइतकाच वेळ लागतो. मावशी यासाठीच जागी राहते.