जुने आणि नवे ग्राफिक्स कार्ड ताडून पाहताना या चुका टाळा

तुळशीची लग्ने आटोपली की लग्नसराई सुरू होते आणि त्याच सुमारास दारव्हा, दिग्रस, पुसद या भागांतील स्टुडिओचालक आपल्या संगणकाकडे वळतात. नागपूरला सीताबर्डीपर्यंत जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो आणि कार्ड बदलून घ्यायचे म्हटले तर आणखी एक दिवस जातो; म्हणून बहुतेक जण घरी बसून दोन कार्डांचे तांत्रिक तपशील शेजारी शेजारी मांडतात आणि निर्णय घेतात. ही पद्धत योग्यच आहे. चूक होते ती ते तपशील वाचताना, कारण वेगवेगळ्या पिढ्यांच्या कार्डांवरील आकडे एकाच मापाने मोजलेले नसतात.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे कोअरची, म्हणजे कार्डातील गणित करणाऱ्या लहान एककांची, संख्या थेट ताडणे. एनव्हिडिया कंपनीच्या २०१९ च्या आरटीएक्स २०६० मध्ये १,९२० कूडा कोअर (कंपनीने आपल्या कोअरला दिलेले नाव) आहेत, तर २०२१ च्या आरटीएक्स ३०६० मध्ये ३,५८४. आकडा जवळजवळ दुप्पट झाला, परंतु खेळांतील वेग साधारण पाचव्या हिश्श्यानेच वाढतो. याचे कारण मोजणीत आहे. आरटीएक्स २०६० च्या जुन्या ट्युरिंग रचनेत दशांश संख्यांचे आणि पूर्णांकांचे गणित करणारी एकके वेगवेगळी होती आणि कोअर म्हणून फक्त पहिलीच मोजली जात. आरटीएक्स ३०६० च्या अँपिअर रचनेत पूर्णांकांच्या एककांनाही दशांशांचे गणित करता येऊ लागले, त्यामुळे तीही मोजणीत आली. मात्र पूर्णांकांचे काम आले की ती त्यातच गुंततात. हे कोअर ज्या गटांत बसवलेले असतात त्या गटांची संख्या तर ३० वरून २८ वर आली आहे. म्हणून कोअरची संख्या एकाच पिढीतील दोन कार्डांसाठी वापरावी. पिढी बदलली की प्रत्यक्ष चाचण्यांचे निकाल पाहावेत.

मेमरीबाबतही असेच घडते, फक्त उलट दिशेने. आरटीएक्स ३०६० ची बस (मेमरीकडे जाणाऱ्या वाटेची रुंदी) १९२ बिटची असून बँडविड्थ (त्या वाटेने सेकंदाला जाणारी माहिती) ३६० गिगाबाइट प्रतिसेकंद आहे. २०२३ च्या आरटीएक्स ४०६० ची बस १२८ बिटची आणि बँडविड्थ २७२. एवढ्यावरून नवे कार्ड संथ ठरवणे चुकीचे आहे, कारण त्याची एल-२ कॅश (चिपमधीलच छोटी, वेगवान साठवण) ३ मेगाबाइटवरून २४ मेगाबाइटवर गेली आहे आणि मेमरीकडे धाव घेण्याची वेळ कमी येते. तथापि कॅशमुळे मेमरीची क्षमता वाढत नाही. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील मोठे दृश्य आरटीएक्स ४०६० च्या ८ गिगाबाइटमध्ये मावले नाही, तर १२ गिगाबाइटचे जुने कार्डच उपयोगी पडते.

नाव सारखे म्हणजे कार्ड सारखे, असेही समजू नये. जीटीएक्स १०६० च्या ६ गिगाबाइटच्या कार्डात १,२८० कोअर आहेत, ३ गिगाबाइटच्या कार्डात १,१५२. जीटी १०३० चा फरक याहून मोठा आहे: जीडीडीआर-५ मेमरीचे कार्ड सेकंदाला ४८ गिगाबाइट माहिती वाहते, डीडीआर-४ चे सुमारे १७. बिलावर मेमरीचा प्रकार लिहून घ्यावा.

व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी मात्र कोअरच्याही आधी वेगळीच ओळ वाचावी. गेल्या हंगामात एका तरुण स्टुडिओचालकाने कापूस विकून आलेल्या पैशातून आरटीएक्स ४० मालिकेतील कार्ड आणले, आणि तरीही संपादनाच्या टाइमलाइनवर त्याचे चित्रीकरण अडखळतच राहिले. कार्डात दोष नव्हता. त्याचा कॅमेरा एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) प्रकारात १० बिट ४:२:२, म्हणजे रंगांचा जास्त तपशील ठेवणारे, चित्रीकरण करत होता आणि एनव्हिडियाच्या कार्डांत या प्रकाराचे हार्डवेअर डिकोडिंग (दाबलेला व्हिडिओ कार्डातील खास भागाने उलगडणे) आरटीएक्स ५० मालिकेपासून आले आहे. त्याआधीच्या कार्डांत सगळा भार प्रोसेसरवर पडतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सला मात्र हे काम जमते. नावाशेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्सच नसते. त्याचे पैसे वाया गेल्याचे मला आजही वाईट वाटते, म्हणून आता मी प्रत्येकाला आधी कॅमेऱ्याची सेटिंग विचारतो.

नवे कार्ड प्रत्येक बाबतीत सरस असते हाही गैरसमज आहे. एएमडी कंपनीच्या २०१७ च्या आरएक्स ५८० ला पीसीआयई (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणारी वाट) ३.० च्या १६ लेन, म्हणजे मार्गिका, आहेत, तर २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटीला ४.० च्या केवळ ४. जुन्या ३.० मदरबोर्डवर त्या ४ लेनचा वेगही निम्मा होतो, आणि कार्डावरील ४ गिगाबाइट मेमरी भरली की माहिती त्याच अरुंद वाटेने ये-जा करते. शिवाय आरएक्स ५८० मध्ये असलेला व्हिडिओ एन्कोडर (तयार व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग) या नव्या कार्डात नाही. आपल्याकडील अनेक संगणक चौथ्या ते नवव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे आहेत आणि त्यांवर पीसीआयई ४.० मिळत नाही, म्हणून लेनची संख्या पाहिल्याशिवाय कार्ड घेऊ नये.

विजेचा हिशेब सरळ आहे: मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट, वीजजोडणीच्या ६ पिनमधून ७५ आणि ८ पिनमधून १५० वॅट मिळतात. एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ती पिन मुळातच असावी. जोडपट्टी (अडॅप्टर) लावून काम भागवू नये. उष्णतेचा हिशेब तपशिलांत कुठेच नसतो. मे महिन्यात खोलीत ४० अंश असताना बूस्ट क्लॉकचा (कार्डाच्या कमाल वेगाचा) छापील आकडा टिकेलच असे नाही, आणि जिनिंगच्या आसपासच्या गावांत कापसाचे तंतू हीटसिंकमध्ये (कार्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) अडकून हवा रोखतात. हंगामापूर्वी कार्ड उतरवून ते काढावेत. कूलरची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर सोडू नये.

कार्ड बसवल्यावर पडदा काळा राहिला, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी कार्डालाच जोडली आहे ना, हे आधी पाहावे. त्यानंतर बायोस (संगणक सुरू करणारी मदरबोर्डवरील प्रणाली) अद्ययावत करून त्यात यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत निवडावी. चित्र आले पण वेग मिळत नसेल, तर जुन्या कार्डाचे ड्रायव्हर पूर्ण काढावेत आणि जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेसची (पीसीआयई जोडणीची) ओळ कार्डाला भार देऊन तपासावी, कारण काम नसताना कार्ड स्वतःच तो वेग कमी करते. तेथे ८ लेन दिसल्या आणि आरटीएक्स ४०६० प्रमाणे कार्ड मुळातच ८ लेनचे असेल, तर काही बिघडलेले नाही. १६ लेनचे कार्ड ८ दाखवत असेल, तर ते उतरवावे, सोनेरी संपर्कपट्टी कोरड्या मऊ कापडाने पुसावी आणि मदरबोर्डवरील प्रोसेसरला सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्ये पुन्हा बसवावे.