पाऊस-वाऱ्यात फ्लाय फिशिंगची दोन दिवसांची स्पर्धा कशी खेळावी

फ्लाय फिशिंग म्हणजे पिसं-धाग्यांनी कीटकासारखा सजवलेला गळ, म्हणजेच फ्लाय, फेकून मासे पकडणं. हवा बिघडली की स्पर्धेचा सगळा हिशोब बदलतो. चांगल्या दिवशी वीस मासे काढणारा जिंकतो. गढूळ पाण्यात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात तीन मासे काढणाराही पहिला येऊ शकतो, कारण निम्मे स्पर्धक कोरडेच परततात. म्हणून पहिलं उद्दिष्ट एकच ठेवा: प्रत्येक फेरीत निदान एक मासा.

यामागे गुणांचं गणित आहे. फिप्स-मूश या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीने चालणाऱ्या स्पर्धांत फेरी साधारण तीन तासांची असते. प्रत्येक वैध माशाला 100 गुण आणि शिवाय लांबीच्या दर सेंटिमीटरला 20 गुण मिळतात. म्हणजे 40 सेंमीचा एक मासा 900 गुणांचा, तर 20 सेंमीचे दोन मासे मिळून 1000 गुणांचे. त्यावरून गटातला क्रमांक ठरतो: पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, असं. सगळ्या फेऱ्यांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. एका फेरीत भोपळा मिळाला की गटातला तळाचा क्रमांक बेरजेत बसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उत्तम कामगिरीनेही तो सहसा भरून निघत नाही. मोठ्या माशाच्या मागे लागण्याची चैन वाईट हवेत परवडत नाही. स्थानिक स्पर्धांचे नियम वेगळे असू शकतात. किमान लांबी किती, आणि शेवटच्या शिट्टीच्या वेळी गळाला असलेला मासा धरतात की नाही, हे आदल्या दिवशीच्या बैठकीतच विचारून घ्या.

घरूनच बांधून न्यायच्या गोष्टी

फेरीची 180 मिनिटं असतात. वाऱ्यात एक गुंता सोडवायला सहा मिनिटं लागली आणि असे पाच गुंते झाले, तर अर्धा तास गेला. त्यामुळे गुंता सोडवत बसू नका. कापा आणि नवा लीडर (जाड लाइनच्या टोकाला जोडायचा बारीक धागा) लावा. त्यासाठी किमान सहा लीडर फ्लायसकट बांधून, फोमच्या चकत्यांवर गुंडाळून, खिशात ठेवा. लीडरच्या टोकाला टिपेट (फ्लायलगतचा शेवटचा, सर्वांत बारीक धागा) बांधायची बारीक धातूची रिंग असली की थंडीने बधिर झालेल्या बोटांनीही एका गाठीत काम होतं.

एरवी तीन फ्लाय लावत असाल तर वाऱ्यात दोनच लावा. दोन फ्लायमध्ये 50 सेंमी अंतर ठेवा. अनेक स्पर्धांत हे किमान अंतर नियमातच असतं. जड फ्लाय टोकाला, हलकी वर. गळ बार्ब (टोकामागचा उलटा काटा) नसलेलेच हवेत आणि त्यात सवलत मिळत नाही. बार्ब चिमट्याने दाबला असेल तर गळ कापडातून ओढून बघा. अडकला तर तो तपासणीतही अडकेल.

कपड्यांत सुती काहीही नको. आत लोकर किंवा पॉलिएस्टर, वर पाणी न शिरणारं जाकीट. दांडी वर धरली की पाणी बाहीतून थेट कोपरापर्यंत उतरतं, म्हणून मनगटाशी घट्ट बसणारं जाकीट घ्या. एक छोटा टॉवेल बंद पिशवीत कोरडा ठेवा. चष्मा पिवळसर किंवा तांबूस काचेचा, पोलराइज्ड. ढगाळ हवेत गडद काच निरुपयोगी असते, पण चष्मा न घालणं त्याहून वाईट, कारण वाऱ्याने भरकटलेली, टंगस्टनच्या जड मण्याची फ्लाय डोळ्यावर येऊ शकते.

पाणी वाचणं

बीटवर (तुम्हाला नेमून दिलेल्या नदीच्या पट्ट्यावर) पोचताच काठावर, पाण्याच्या अगदी कडेला, एक ओळखू येईल असा दगड ठेवा आणि दर दहा मिनिटांनी त्याकडे बघा. दगड बुडाला, पाण्यात पानं-काटक्या वाढल्या, फेस दिसू लागला किंवा तळाचे गोटे घरंगळल्याचा आवाज आला, तर वरून पाणी येतंय. अशा वेळी पलीकडच्या काठावर असाल तर लगेच परत या. मासा नंतर बघू.

गढूळपणा मोजायची सोपी रीत: फ्लाय दांडीच्या टोकाशी धरून हळूहळू पाण्यात सोडा आणि ती कुठे दिसेनाशी होते ते बघा. अर्ध्या मीटरपर्यंत दिसत असेल तर नेहमीसारखं खेळा. 20-25 सेंमीवरच गायब होत असेल तर मधला प्रवाह विसरा. चढलेल्या पाण्यात ट्राउट जोराच्या धारेतून बाजूला होतात आणि काठापासून एक-दोन मीटरवर, गुडघाभर पाण्यात, दगडामागच्या संथ पट्ट्यात उभे राहतात. नेमक्या त्याच जागेतून नवखे स्पर्धक वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घालून चालत जातात. आधी काठावर उभं राहून पायाशी खेळा, मगच पाण्यात उतरा.

माशालाही दूरचं दिसत नाही, त्यामुळे फेकी जवळजवळ टाकाव्या लागतात. स्वच्छ पाण्यात दोन फेकींमध्ये एक मीटर अंतर चालतं. गढूळ पाण्यात ते 30 सेंमीवर आणा आणि प्रत्येक रेघेत तीन-चार वेळा फ्लाय वाहू द्या. फ्लाय 10 किंवा 8 नंबरच्या गळावर, काळी किंवा गडद जांभळी, 3.5 ते 4 मिमीच्या टंगस्टन मण्याची. सोबत गुलाबी गांडुळासारखी एक, स्पर्धेत तिला बंदी नसेल तर. टिपेट 0.12 मिमीवरून 0.16-0.18 वर न्या. मासा धाग्याकडे बघत नाही, आणि जोराच्या पाण्यात बारीक धागा तुटला की गुण गेलेच.

रिमझिम आणि ढगाळ हवा मात्र वेगळी गोष्ट आहे. अशा दिवशी लहान ऑलिव्ह मेफ्लाय (पाण्यात वाढणारे पंखवाले कीटक) बाहेर पडतात, आणि गारठ्यात त्यांचे पंख लवकर वाळत नसल्याने त्या जास्त वेळ पृष्ठभागावर राहतात. मासे वर येताना दिसले तर ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) लावा, पण फोमची किंवा हरणाच्या केसांची. सीडीसी (बदकाच्या शेपटीजवळच्या मऊ) पिसाची फ्लाय पावसात दोन फेकींतच लोळागोळा होते.

वाऱ्यात फेक

समोरून वारा असेल तर मागची फेक उंच आणि पुढची खाली, जवळजवळ पाण्यावर आपटल्यासारखी. पाठीमागून असेल तर उलट: मागची फेक आडवी आणि खालून, पुढची उंच. वारा फेकणाऱ्या हाताच्या बाजूने येत असेल तर दांडी दुसऱ्या खांद्यावरून चालवा, नाहीतर फ्लाय कानात बसते. ताकद वाढवली की दांडी जास्त वाकते, तिचं टोक खाली झुकतं, लूप (हवेतल्या लाइनचं वळण) उघडतो आणि वाऱ्याला आयतंच शीड मिळतं. त्याऐवजी अंतर कमी करा आणि लीडर 9 फुटांवरून 7 फुटांवर आणा.

लांब मोनो (नायलॉनच्या एकेरी धाग्याच्या) लीडरने निम्फ (पाण्याखाली वाहणारी फ्लाय) खेळणाऱ्यांचे वाऱ्यात हाल होतात, कारण दांडी आणि पाणी यांमधल्या धाग्याला पोट येतं आणि फ्लाय ओढली जाते. अंतर पाच-सहा मीटरवर आणा, दांडीचं टोक पाण्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवा आणि मणी एक आकार मोठा करा. तरीही जमत नसेल तर वर फुगीर ड्राय फ्लाय लावून खाली निम्फ सोडा. वरची फ्लाय जहाजाच्या नांगरासारखी धागा धरून ठेवते. नुसता तरंगता गोळा बहुतेक स्पर्धांत चालत नाही, गळ असलेली फ्लाय चालते.

दर दहा-बारा फेकींनी शेवटचा मीटरभर धागा अंगठा आणि तर्जनीमधून सरकवा. बारीक खरखर लागली की ती वाऱ्याने पडलेली गाठ. तिथे धाग्याची ताकद जवळपास निम्मी होते. ती सोडवू नका, तिच्या वरून धागा कापा.

गारठा शून्याखाली गेला तर दांडीच्या कड्यांत बर्फ साचतो. तो बोटाने मोडू नका, आतली चकती निघते. कडं पाण्यात बुडवून विरघळू द्या. लाइन आत-बाहेर ओढणं कमी केलं की बर्फही कमी साचतो.

मासा लागल्यावर

चढत्या पाण्यात मासा प्रवाहाविरुद्ध ओढू नका. दांडी आडवी करून त्याला खालच्या बाजूच्या संथ काठाकडे न्या आणि तिथे जाळं लावा. कंट्रोलरला (मासे मोजून नोंदवणाऱ्या पंचाला) फेरीच्या सुरुवातीलाच तुमच्या काठाने सोबत चालायची विनंती करा. प्रत्येक माशासाठी शंभर मीटर चालत गेलात तर तास संपतो. हात ओले करून मासा मोजायच्या पन्हळीत ठेवा, आकडा स्वतः वाचा आणि कार्डावर पेन्सिलने लिहिलेला बघूनच सही करा. पावसात शाई पसरते.

कधी थांबायचं

कार्बनच्या दांडीतून वीज वाहते. पहिला गडगडाट ऐकू येताच दांडी खाली ठेवा, पाण्याबाहेर या आणि इमारतीत किंवा पत्र्याच्या छताच्या बंद गाडीत जा. एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं जाऊ द्या. आयोजकांच्या शिट्टीची वाट बघू नका.

वेडरचा पट्टा कमरेला घट्ट हवा आणि जोराच्या धारेत मांडीच्या वर पाणी नको. वाहून जाऊ लागलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला करा आणि काठाकडे तिरके हात मारा. जोराच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न केला की पाय दगडात अडकतो. हुडहुडी भरली आणि नेहमीची गाठ तिसऱ्यांदा चुकली, तर शरीर फार थंड झालंय. बाहेर या, कोरडं घाला, गरम काहीतरी प्या.

शनिवारची रात्र

रविवारची फेरी खरं तर इथेच सुरू होते. वेडर आतून बाहेर उलटून टांगा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. फ्लायची खोकी उघडी ठेवा, नाहीतर सकाळी गळांवर तांबेरा दिसेल. वापरलेले लीडर टाकून सहा नवे बांधा. आणि कुणाला मासे कुठल्या पट्ट्यात लागले, काठालगत की मध्ये, याची चौकशी करा. रात्री पाऊस थांबला तर पाणी उतरू लागेल आणि मासे सकाळी एक पट्टा आत सरकलेले असतील.