पुण्यात करमत नसेल तर आधी खोली बदला

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रात्री सव्वाअकराला माझ्या मावसभावाचा फोन आला. "ताई, झोपलीस का? पगारातून या वेळी शंभर रुपये जास्त का कापले?" मी सांगितलं, व्यवसाय कर आहे तो. महिन्याला २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे अडीच हजार भरतात. "बरं," म्हणाला. मग थोडा वेळ नुसताच पंख्याचा आवाज. मग, "ताई, मी बार्शीला परत जाऊ का?"

गेल्या जुलैत इंजिनिअरिंग संपवून तो पुण्यात आला. आठ महिन्यांत तीन तक्रारी साठल्या होत्या. काम भिकार आहे, शहर अंगावर येतं, आणि "इथं आपल्याला कुणी विचारत नाही." या शेवटच्या 'कुणी'मध्ये कोण कोण येतं ते विचारायची गरज नव्हती.

असाच फोन २०१८ साली मी आईला केला होता. आई म्हणाली, "ये की, कोण अडवतंय? पण आधी जेवून घे." मी सकाळपासून जेवले नव्हते, ते तिला फोनवरून कसं कळलं कोण जाणे. म्हणून भावालाही मी हो-नाही काही म्हटलं नाही. पुढचे चार रविवार त्याला कोथरूडला जेवायला बोलावलं. त्या जेवणांत जे बोलणं झालं ते इथं लिहून ठेवतेय.

पहिलं काम वहीचं. दोन आठवडे एक साधी वही खिशात ठेवायची आणि दोनच रकाने आखायचे: 'डोकं फिरलं' आणि 'बरं वाटलं'. पुढं फक्त वेळ आणि जागा. कारणं लिहायची नाहीत, कारण कारणं आपण नंतर रचतो. भावाची वही मी पाहिली. "८.१०, नवले पूल. ८.५०, चांदणी चौक. ९.३०, भूमकर चौक, पाय टेकवून उभा." संध्याकाळी हेच उलटं. 'बरं वाटलं'मध्ये दोन आठवड्यांत चार नोंदी होत्या, त्यांतल्या दोन ऑफिसबाहेरच्या गाडीवरच्या पोह्यांच्या. साहेबाच्या नावानं एकच नोंद होती आणि तीही किरकोळ.

तो राहायचा नऱ्ह्याला, कारण कॉलेजचे मित्र तिथं होते. ऑफिस हिंजवडी फेज ३ला. येऊन-जाऊन रोजचे तीन तास, आठवड्याचे पंधरा, महिन्याचे साठ. आठ तासांच्या हिशेबानं महिन्याला साडेसात दिवस हा मुलगा बिनपगारी ड्युटी करत होता, तीही हेल्मेट घालून. मग संध्याकाळी साडेआठला घरी आल्यावर त्याला पुणं आवडावं तरी कसं? त्यानं पुणं पाहिलंच नव्हतं. त्यानं बायपास पाहिला होता.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी खोली, मग नोकरी, मग माणूस, म्हणजे जोडीदार. तिन्ही एकदम हलवलंत तर कशानं बरं वाटलं ते कळत नाही. खोली आधी, कारण ती महिन्याभरात बदलता येते आणि चुकली तर पुन्हा बदलता येते. मित्रांना सोडणं जिवावर येतं, मान्य. पण रोज रात्री मेलेल्या चेहऱ्यानं मित्रांसमोर बसण्यापेक्षा शनिवारी ताज्या तोंडानं भेटणं बरं.

खोली बघायला रविवारी जाऊ नका. रविवारी अख्खं पुणं पंधरा मिनिटांवर असतं. मंगळवारी सकाळी नऊला त्या बिल्डिंगच्या गेटवरून ऑफिसपर्यंत गाडी चालवून बघा. मग वॉचमनला विचारा, मालकाला नाही, की टँकर किती दिवसांनी येतो. हिंजवडी, वाकड, बाणेर या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये हा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे. मालक 'चोवीस तास पाणी' म्हणतो, वॉचमन खरं सांगतो. ऑफिस कल्याणीनगर, येरवड्याकडं असेल तर सरळ वनाज-रामवाडी मेट्रोचं एखादं स्टेशन धरून खोली बघा. मार्च २०२४मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत गेली आणि माझ्या दिवसात पुस्तकाची चाळीस पानं आली. पगार तोच, साहेब तोच.

करार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो. तो नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची असते. हे वाक्य नम्रपणे म्हणायचं, पण म्हणायचंच. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांचं आहे आणि सोडताना रंगकामाचे पैसे कोण देणार, एवढ्या दोन ओळी सह्या करायच्या आधी शोधा. २०१९ साली माझ्या डिपॉझिटमधून एका घरमालकांनी भिंतीतल्या तीन खिळ्यांपायी १२ हजार कापले. खिळे आधीचेच होते. माझ्याकडं फोटो नव्हता. आता किल्ली हातात आली की मी आधी भिंतींचे फोटो काढते, मग देव मांडते.

बजेट फारच कमी असेल तर पेठांमध्ये अजूनही कॉट बेसिसवर जागा मिळते. एक खाट, एक कपाट, आणि बाथरूमच्या वेळांची पाटी. ज्यांना एकटं राहणं खायला उठतं त्यांना मी हेच सुचवते. शेजारच्या खाटेवरचा स्पर्धा परीक्षावाला रात्री दोनला घोकत बसतो खरा, पण तापात औषध आणून देणाराही तोच असतो.

जेवणाबद्दल थोडं लांबेन, कारण करमण्याचा संबंध पोटाशी असतो असं माझं मत आहे. मेस लावायचीच असेल तर खाड्यांचा नियम आधी विचारा. कधी सांगितलं तर खाडा धरतात, महिन्याला किती धरतात. मी पहिले सहा महिने मेसच्या पोळ्या खाल्ल्या. पोळीत वाईट काही नव्हतं, पण मी बार्शीची, मला ती जेवल्यासारखीच वाटेना. मग एका खेपेला घरून पाच किलो ज्वारी आणली. कर्वेनगरच्या गिरणीत सांगितलं, "ज्वारीवर ज्वारी टाका." गिरणीवाल्यानं मान वर करून विचारलं, "गाव कुठलं?" पुण्यात मला गाव विचारणारा तो पहिला माणूस. त्या रात्री दहाला मी ओट्यावर परात घेऊन भाकरी थापत होते आणि दोन्ही रूममेट, एक यवतमाळची, एक चिपळूणची, दारात उभ्या राहून बघत होत्या. पहिली भाकरी तव्यावर टाकताना दुमडली. दुसरी फुगली. चिपळूणवालीनं ती तूप-मिठाशी उभ्यानंच संपवली. तोवर आम्ही तिघी एकमेकींशी फक्त लाइट बिलावर बोलायचो.

आणि दर शुक्रवारी घरी पळू नका. मी पाच महिने रात्रीची गाडी धरून बार्शीला जायचे. सोमवारी परत येऊन लाल डोळ्यांनी ऑफिसात बसायचे. बार्शी तिथं सरशी, सगळं खरं, पण दोन दिवस तिकडं आणि पाच दिवस वाट बघण्यात, असं केल्यावर पुणं रुजणार कुठं? चार आठवड्यांतून एकदा जा, परतीचं तिकीट काढूनच.

आता नोकरी. खोली बदलून दीड महिना झाल्याशिवाय राजीनाम्याचा मेल लिहायला बसायचं नाही, अशी भावाला ताकीद होती. बसल्यावर स्वतःला एकच विचारायचं: काम नकोय, साहेब नकोय, की शिकणं थांबलंय? साहेब नको असेल तर आधी प्रोजेक्ट बदलून मागा. शिकणं थांबलं असेल तर मात्र थांबू नका. भाऊ सपोर्टला आहे, दिवसभर तिकिटं, म्हणजे आलेल्या तक्रारी, बंद करतो. त्याचं तिसऱ्या प्रकारातलं आहे.

सोडायचंच ठरलं तर ऑफर लेटर बाहेर काढून पुन्हा वाचा. बाँड आहे का, नोटिस किती दिवसांची. आयटीत ९० दिवस सर्रास असतात. न सांगता नोकरी सोडू नका, रिलीव्हिंग लेटरशिवाय पुढचा एचआर दारात उभं करत नाही. पीएफ काढून घेण्याचा मोह होतो, तो आवरा. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, तोच ठेवून नव्या कंपनीकडं ट्रान्सफर करा, पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो. आणि नवा आकडा ऐकताना सीटीसीला, म्हणजे कंपनी वर्षाला तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाला, बारानं भागून खूश होऊ नका. भावाचं पत्र ४ लाख २० हजारांचं आहे, भागून ३५ हजार येतात, खात्यात २९ हजारांच्या आसपास पडतात. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल, सगळं त्या मोठ्या आकड्यातच धरलेलं असतं. हातात तीन महिन्यांचा खर्च नसताना सोडू नका. मी सोडली होती. चार महिने घरी बसले आणि शेवटी मिळाली ती पहिल्यापेक्षा वाईट नोकरी घाईघाईनं घेतली.

तिसऱ्या रविवारी, ताकाचा ग्लास हातात आल्यावर, गाडी मूळ विषयावर आली. मी म्हटलं, फोन दाखव. तीन डेटिंग ॲप होती. पहिला फोटो गॉगल लावून, दुसऱ्याच्या बुलेटला टेकून. दुसरा कुणाच्या तरी लग्नात फेटा घातलेला, आणि खांद्यावर बांगड्या घातलेला एक हात, बाकीची बाई कापलेली. हात माझा होता, लग्नही माझ्याच नणंदेचं होतं. माहितीत लिहिलं होतं, 'साधा मुलगा'. मी म्हटलं, अरे, साधं कुणीच नसतं. तुला ज्वारीच्या शेतातून फिरायला आवडतं, तू उत्तम कॅरम खेळतोस, ते लिही. एक फोटो उघड्या डोळ्यांचा लाव. ॲपला रोज पंधरा मिनिटं, त्यावर नाही.

खरा उपाय वेगळा आहे. तेच चेहरे दर आठवड्याला दिसतील अशी एक जागा धरायची आणि निदान सहा आठवडे सोडायची नाही. माणूस पहिल्या भेटीत आवडत नाही, चौथ्या-पाचव्या भेटीत लक्षात येतो. पुण्यात अशा जागांना तोटा नाही. जूनअखेरपासून ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, नवख्यांनाही घेतात. टिपरू धरून हाताला फोड येतात, कमरेला ढोल बांधून पाठ मोडते, आणि फोडांना मलम कोण देतं त्यावरून ओळखी होतात. मात्र मुली बघायला म्हणून जाऊ नका. तिसऱ्या दिवशी सगळ्या पथकाला कळतं. पाठीचा त्रास असेल तर एखाद्या हौशी नाटकाच्या ग्रुपमध्ये बॅकस्टेजला जा, तिथं माणसं कायम कमी असतात. मी दोन वर्षं सेट रंगवले, अभिनय शून्य. सकाळची वेताळ टेकडी किंवा हिंजवडीकडच्यांना बाणेरची तुकाई टेकडी, हेही चालतं. नाहीतर लोणावळा लोकलनं मळवलीला उतरून लोहगड. ग्रुपनं गेलात तर दिवसभर बोलायला माणूस मिळतो आणि खर्च वडापावएवढा.

कुणी भेटलं तर पहिली भेट दिवसा, गर्दीच्या जागी, बिल अर्धं-अर्धं. लगेच मुळशीला वगैरे घेऊन जायचं सुचवू नका. समोरची मुलगी घरी लोकेशन पाठवून आलेली असते, तिला ते पाठवावं लागतं, हे लक्षात ठेवून वागा. झेड ब्रिजवर बाइकवर बसायची पायरी नंतरची. मी बसलेय तिथं. खालून नदीचा वास येतो, वरून येणारे-जाणारे बघतात, तरी बरं वाटतं. ते दीड वर्षानं संपलं, तेही त्याच पुलावर. त्यानंतर महिनाभर मी डेक्कनला जाताना लकडी पुलावरून जायचे.

घरच्यांनी एव्हाना बायोडेटा केलेलाच असतो. भावाच्या बायोडेटात मावशीनं 'पुण्यात फ्लॅट (नियोजित)' असं लिहून टाकलं होतं. तेविसाव्या वर्षी बायोडेटातल्या एका ओळीसाठी वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घ्यायचा नाही, हे मी मावशीला स्वतः फोन करून सांगितलं. ती चार दिवस बोलली नाही. 'दोन वर्षं विषय नको' असं घरी एकदाच, शांतपणे सांगा आणि मग दर सणाला नव्यानं वाद घालू नका.

एक गोष्ट या क्रमात बसत नाही. झोप, भूक दोन्ही गेली असेल, आंघोळीलाही उठवत नसेल आणि हे दोन आठवडे चाललं असेल, तर खोली-नोकरी बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडं जा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मला तेव्हा असा नंबर माहीत असता तर मी लावला असता.

शेवटच्या रविवारी भावाला एक तारीख लिहायला लावली: लक्ष्मीपूजनाचा दिवस. तोवर क्रमानं सगळं करून बघायचं. तरीही जमलं नाही तर सामान बांधायचं आणि कुणाला स्पष्टीकरण द्यायचं नाही. माझी एक मैत्रीण असंच सोलापूरला परत गेली, आता कॉलेजात शिकवते आणि दुपारी घरी येऊन झोपते. तिच्या दुपारच्या झोपेचा मला हेवा वाटतो.

भाऊ एप्रिलमध्ये वाकडला राहायला गेला. टँकर दिवसाआड येतो, पण ऑफिस आता अर्ध्या तासावर आहे. लक्ष्मीपूजनाची तारीख कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे, अजून खोडलेली नाही. परवा रात्री सव्वाअकरालाच फोन आला. माझ्या पोटात धस्स झालं.

"ताई, भाकरी चिरतीय. पाणी गरम घेतलंय तरी."

"पीठ कधीचं आहे?"

"आईनं संक्रांतीला दिलेलं."

"विरी गेली त्याची. उद्या नवं दळून आण. आणि गिरणीवाल्याला सांग, ज्वारीवर ज्वारी."