पुण्यावरील स्थितांबरातील बाष्प उपग्रहाच्या नोंदींतून कसे काढावे

हवामान-फुग्यासोबत जाणारा नेहमीचा आर्द्रतामापक दहा-बारा किलोमीटरच्या वर, कडाक्याच्या थंडीत आणि अतिकोरड्या हवेत, फारसा भरवशाचा राहत नाही. त्याहून वरच्या थरांसाठी, विशेषतः ढग-पावसाच्या थराच्या वर असलेल्या स्थितांबरासाठी, नासाच्या ऑरा उपग्रहावरील ‘एमएलएस’ (मायक्रोवेव्ह लिंब साउंडर) या सूक्ष्मलहरी टिपणाऱ्या उपकरणाच्या नोंदी वापराव्यात. जुलै 2004 मध्ये सोडलेल्या या उपग्रहावरील हे उपकरण सरळ खाली न पाहता पृथ्वीच्या कडेकडे पाहतो, त्यामुळे दृष्टिरेषा विरळ हवेतून शेकडो किलोमीटर जाते आणि बाष्प दशलक्षांत चार-पाच भागच असले तरी 183 गिगाहर्ट्झजवळचे त्याचे उत्सर्जन मोजता येते.

नासाच्या अर्थडेटा संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडून पाचव्या आवृत्तीच्या बाष्पाच्या दैनिक फाइली उतरवाव्यात. 2005 ते 2021 हा काळ सुरुवातीला सोयीचा. जानेवारी 2022 मध्ये हुंगा टोंगा ज्वालामुखीने स्थितांबरातील एकूण बाष्पात सुमारे दहा टक्क्यांची भर घातली, तेव्हा नंतरची वर्षे त्याच सरासरीत मिसळू नयेत.

पुणे 18.5 अंश उत्तर, 73.9 अंश पूर्व येथे आहे, पण लागोपाठच्या दोन कक्षांत सुमारे 25 रेखांशांचे अंतर असल्यामुळे उपग्रहाची वाट रोज शहराजवळून जात नाही. म्हणून अक्षांशात तीन-चार आणि रेखांशात आठ-दहा अंश दोन्ही बाजूंना घेऊन महिनाभराच्या नोंदी एकत्र कराव्यात. मिळणारा आकडा अर्थातच पश्चिम महाराष्ट्राहूनही मोठ्या प्रदेशाचा असतो, एकट्या पुण्याचा नव्हे.

खरे काम चाळणीचे आहे, आणि नवशिके नेमके तेच टाळतात. फाइलीत दिलेला अचूकतेचा आकडा ऋण असलेली मूल्ये आणि स्थिती-अंक (नोंद वापरण्याजोगी आहे का हे सांगणारा अंक) विषम असलेल्या नोंदी सरळ वगळाव्यात. गुणवत्ता आणि अभिसरण (गणित उत्तरावर कितपत स्थिरावले ते सांगणारा अंक) यांच्या मर्यादा त्याच आवृत्तीच्या मार्गदर्शिकेतून घ्याव्यात, जुन्या आवृत्तीच्या उसन्या घेऊ नयेत. 316 हेक्टोपास्कलपेक्षा जास्त दाबाच्या, म्हणजे त्याखालच्या, पातळ्या वापरूच नयेत. दोन पातळ्यांमधले मूल्य काढताना दाब आणि बाष्प या दोहोंचे लॉगॅरिदम घ्यावेत, कारण खालच्या थरांत बाष्प पटींनी बदलते.

शेवटी 100 हेक्टोपास्कलच्या पातळीवर, म्हणजे साधारण तपस्तब्धीजवळ (जिथून स्थितांबर सुरू होते ती सीमा), फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सरासऱ्या ताडून पाहाव्यात. मोसमी अभिसरण बाष्प वर चढवत असल्याने ऑगस्टचा आकडा मोठा यायला हवा. तसे न झाल्यास आधी चाळणी तपासावी.