अबॅकसचा जॉब टोकनसाठी का अडकतो?

सीएईच्या (संगणकावर इंजिनिअरिंगचं विश्लेषण) नोकरीत नवख्याला पहिल्याच आठवड्यात पडणारा प्रश्न: मशीनवर 32 कोअर मोकळे आहेत, मग अबॅकस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचा जॉब रांगेत का? कोअर तुमच्या मशीनचे, पण टोकनं, म्हणजे लायसन्स मोजायची एककं, सगळ्या टीमची. ती लायसन्स सर्व्हरवर असतात (इथे फ्लेक्सनेट हे लायसन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर धरलं आहे). जॉब सुरू होताना उचलली जातात, संपला की परत जमा होतात.

हिशोब असा: कोअरच्या संख्येचा 0.422 वा घात काढा, 5 ने गुणा, अपूर्णांक सोडा. 1 कोअरला 5 टोकनं, 2 ला 6, 4 ला 8, 8 ला 12, 16 ला 16, 32 ला 21. म्हणजे दर कोअरमागे सगळ्यात महाग पडतो तो एका कोअरवरचा जॉब. 24 टोकनं असतील तर 8 कोअरचे दोन जॉब नेमके बसतात. कुणी 16 कोअरचा लावला, तर उरलेल्या 8 टोकनांत 4 कोअरच्या वर जाता येत नाही. पाचव्या कोअरला नववं टोकन लागतं. छोट्या मॉडेलला 16 कोअर दिल्याने वेळ फारसा वाचत नाही, बाकीचे मात्र खोळंबतात.

म्हणून आधी 'अबॅकस लायसन्सिंग एलएमस्टॅट -ए' चालवा. कुणाकडे किती टोकनं आहेत ते नावानिशी दिसतं. मॉडेल बनवायच्या 'अबॅकस/सीएई' खिडकीचं लायसन्स वेगळं मोजतात. खिडकी उघडी टाकून जेवायला गेलात तरी ते तुमच्याच नावावर.

तातडीचं काम आलं तर आपला जॉब 'सस्पेंड' करा. टोकनं सुटतात, मेमरी सुटत नाही. जॉब बंदच करायचा तर 'टर्मिनेट' वापरा. नुसती कमांडची खिडकी बंद केली की मागे सॉल्व्हरची (प्रत्यक्ष गणित सोडवणारा भाग) प्रोसेस चालू राहू शकते, आणि टोकनं तिच्याकडेच.

एरर -4 म्हणजे सगळी टोकनं वापरात, थांबा. -15 म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. कालपर्यंत चालत होतं आणि सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर बंद पडलं, तर फायरवॉल बघा. बहुतेकदा 27000 हा पोर्ट उघडा असतो, पण व्हेंडर डीमन (सर्व्हरवर टोकनं वाटणारा प्रोग्राम) दर वेळी स्वतःच नवा पोर्ट निवडतो. लायसन्स फाइलमधल्या व्हेंडरच्या ओळीत 'पोर्ट=27001' असा पक्का आकडा द्या, तोही फायरवॉलमध्ये उघडा, आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा. त्या फाइलमध्ये सर्व्हरचं नाव आणि पोर्ट बदलता येतात. होस्ट आयडी (सर्व्हर मशीनची ओळख), तारीख किंवा टोकनांचा आकडा बदललात तर फाइलमधली डिजिटल सही जुळत नाही आणि -8 येतो.