ओटीजीमधलं भाजलेलं रताळं, वरून संत्र्याचा रस आणि तूप-तिखट

महाशिवरात्र आली की घरोघरी कुकरमध्ये रताळी चढतात, तीन शिट्ट्या झाल्या की सालं काढून दूध-साखर नाहीतर गूळ, आणि त्यानंतर वर्षभर कोणी रताळ्याचं नाव घेत नाही. मला हे खरंच पटत नाही. रताळ्याला वरून साखर लागतच नाही हो, त्याला फक्त वेळ लागतो. सालासकट तासभर ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) भाजा, आपोआप गोड होतं, आणि जेवणात बाजूला घ्यायला याच्यासारखं सोपं काही नाही कारण काम दहा मिनिटांचं, बाकी सगळं ओटीजी करतो.

आधी हे गोड कसं होतं ते सांगते, म्हणजे घाई काहून करायची नाही ते कळेल. रताळ्यात स्टार्च भरपूर असतो आणि त्याच्याच पोटात एक एन्झाइम असतं जे त्या स्टार्चची माल्टोज नावाची साखर करतं. हे काम साधारण 60 ते 75 अंशांच्या आसपास जोरात चालतं, आतलं तापमान त्याच्या बरंच वर गेलं की एन्झाइम बंद पडतं. कुकर आणि मायक्रोवेव्ह रताळ्याला त्या टप्प्यातून धाडकन पुढे नेतात, साखर व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून उकडलेलं रताळं मऊ होतं पण फिकं लागतं. ओटीजीत ते हळूहळू तापतं. म्हणूनच मी प्रीहीट करत नाही, थंड ओटीजीत ठेवते आणि मग चालू करते.

आता खरेदी. नागपुरात कॉटन मार्केट, गोकुळपेठ, सक्करदऱ्याचा बुधवार बाजार, कुठेही थंडीत रताळी ढिगाने येतात. आपल्याकडे लालसर सालीचं, आतून पांढरं मिळतं, तेच घ्या. आतून केशरी असलेलं कुठे दिसलं तर तेही आणा, त्यात बीटा कॅरोटीन असतं, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं (केरळातल्या कंद संशोधन संस्थेने भू सोना नावाची केशरी जात काढलेली आहे), फक्त ते भाजल्यावर जास्त ओलसर होतं आणि पांढरं जास्त पिठूळ. मोठ्ठी जाडजूड रताळी घेऊ नका, बाहेरून करपतात आणि मध्ये दडस राहतात. दीडशे-दोनशे ग्रॅमची, सगळी साधारण एकाच जाडीची निवडा, नाहीतर एक शिजलेलं एक कच्चं असं होऊन बसतं. सालीवर बारीक बारीक काळी छिद्रं दिसली की सोडून द्या, ती सोंड्या किड्याची असतात आणि तसलं रताळं आतून कडू निघतं, नुसता तेवढा भाग कापून काही उपयोग नाही, सगळंच टाकावं लागतं. आणि घरी आणल्यावर फ्रिजमध्ये तर अजिबात नको! थंडीने त्याचा गाभा कडक होतो, मग कितीही शिजवा तो तसाच राहतो. टोपलीत, अंधाऱ्या हवेशीर जागेत ठेवा, आठवडाभर राहिलं तर उलट जास्त गोड होतं. हे सगळं थंडीतलं हं, उन्हाळ्यात आपल्याकडे आणलं की लगेच संपवलेलं बरं.

चार जणांना चार रताळी पुरतात, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास. बाकी दोन मोठे चमचे साजूक तूप, एक रसाळ संत्रं, अर्धा छोटा चमचा जिरं, अर्धा छोटा चमचा लाल तिखट, मीठ, मूठभर शेंगदाण्याचं जाडसर कूट आणि थोडा सांबार (म्हणजे कोथिंबीर) बारीक चिरून.

रताळी दहा मिनिटं पाण्यात भिजवा म्हणजे खाचांमधली माती सुटते, मग नारळाच्या शेंडीने घासून धुवा. साल खायची आहे म्हणून हे नीट करा. कपड्याने अगदी कोरडी पुसा, टोकं थोडी छाटा. छाटल्यावर पांढरा चीक येतो, घाबरू नका, हाताला चिकटला तर तेलाने निघतो. काट्याने चार-पाच ठिकाणी टोचा, वरून तुपाचा हात फिरवा, आणि मधल्या जाळीवर ठेवा. खालच्या ट्रेवर फॉइल पसरा हे विसरू नका, कारण शेवटी शेवटी रताळ्यातून पाकासारखा रस गळतो आणि तो ट्रेवर जळला की घासताना जीव जातो. रताळी फॉइलमध्ये गुंडाळू मात्र नका, आत वाफ कोंडते आणि ते भाजलं न जाता उकडल्यासारखं होतं.

दोन्ही रॉड चालू, 150 वर अर्धा तास, मग 200 वर आणखी 30 ते 40 मिनिटं. मध्ये एकदा उलटा. घड्याळापेक्षा रताळ्याकडे बघा: साल ढिली पडून सुरकुतलेली असते, टोचलेल्या जागी तपकिरी चिकट थेंब जमलेले असतात, आणि सुरी मधोमध घातली तर कुठेही न अडकता आरपार जाते. अडकली तर परत दहा मिनिटं. एवढा वास सुटतो की पोट्टे स्वयंपाकघरात येऊन विचारतात काय चाललंय.

ओटीजी नसेल तर मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड चालतो, एअर फ्रायरमध्ये 180 वर 35-40 मिनिटं, आणि यातलं काहीच नसेल तर जाड बुडाची लोखंडी कढई, तळाला जाड मिठाचा थर, वर रताळी, घट्ट झाकण, बारीक गॅस, आणि पाऊण-एक तास मधूनमधून फिरवत राहायचं. कढईतलं माझ्या मते चवीला ओटीजीच्या तोडीस तोड होतं, फक्त लक्ष द्यावं लागतं.

रताळी होत आली की वरचा रस करा. छोट्या कढल्यात तूप तापवा, जिरं तडतडू द्या, गॅस बंद करा आणि मगच तिखट टाका, गरम गॅसवर टाकलं की काळं पडतं. तिखट भिवापुरी मिरचीचं असेल तर रंगही छान येतो आणि ठसकाही. लगेच संत्र्याचा रस आणि मीठ घालून परत गॅसवर दोन मिनिटं उकळवा, थोडं दाटसर झालं की झालं. संत्रं मात्र अगदी त्याच वेळी पिळा. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो, बिया चिरडल्या की आणखीच, म्हणून बिया काढून हलक्या हाताने पिळायचा. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि गोड असतात, तेव्हा वरून थोडं लिंबू पिळा. आंबिया बहाराच्या, म्हणजे थंडीच्या सुरुवातीला येणाऱ्या संत्र्याला स्वतःचाच आंबटपणा असतो, तिथे लिंबू नको.

रताळ्याला लांबीत एक चीर द्या, दोन्ही टोकांकडून आत दाबा म्हणजे मधून उघडतं. त्यात चमच्याने हा रस सोडा, कूट भुरभुरा आणि फक्त वरचा रॉड लावून 8-10 मिनिटं परत ठेवा. कूट खमंग होतं, कडा थोड्या करपतात, तेच हवं असतं. बाहेर काढल्यावर सांबार. तूप कमी करू नका, चवीसाठी तर आहेच पण केशरी रताळ्यातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायलाही स्निग्ध काहीतरी लागतंच.

कशासोबत खायचं? ज्वारीची भाकरी आणि पिठलं, साधं वरण-भात, कशाहीसोबत. पण माझी खरी शिफारस सावजी रश्शासोबत. रस्सा जिभेला झोंबला की एक घास रताळ्याचा, आंबट-गोड, तुपकट, आणि परत रस्सा खायला तोंड तयार. दह्याने तिखट नुसतं विझतं, रताळ्याने रश्शाची चव मरत नाही. एकदा बाजूला घेऊन बघाच.

उपासाला करायचं तर सैंधव घाला, सांबार वगळा, आणि जिरं-तिखट तुमच्याकडे चालत असेल तसं. घरात शुगरचं कोणी असेल तर त्यांच्यासाठी वेगळं उकडलेलं ठेवा, तेही थोडंच, कारण भाजलेलं रताळं उकडलेल्यापेक्षा रक्तातली साखर पटकन वाढवतं.

उरलं तर (शिजलेलं फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं) दुसऱ्या दिवशी जाड चकत्या करून लोखंडी तव्यावर थोड्या तुपात दोन्हीकडून लाल होईपर्यंत परता, डब्यातही देता येतात. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर साल चिवट होते, ओटीजीत 160 वर दहा मिनिटं ठेवलेलं बरं.